लिंबाला दिलेली मुदत

भाद्रपद सरत आला की माझी मान आपोआप वर जाते. या दिवसांत लोक आभाळाकडे बघतात, परतीचा पाऊस कुठवर आला म्हणून. मी लिंबांचे, म्हणजे कडुलिंबांचे, शेंडे बघते. साताऱ्याहून माहेरी जायचं तर आम्ही मुद्दाम औंधावरून, आतल्या रस्त्यानं जातो. यमाईचा डोंगर मागे पडला की रस्त्याच्या कडेनं लिंब लागतात, आणि गाडी चालवणारा माझा नवरा दर वेळी तेच म्हणतो, की तू झाडं बघ, मी खड्डे बघतो. परवा गेलो तेव्हाही तसंच झालं. हिरव्यागार झाडाच्या अगदी टोकाला एक डहाळी तपकिरी झालेली दिसली. पुढच्या झाडाला चार-पाच दिसल्या. त्यापुढचं एक झाड तर असं होतं, की कुणी त्याच्यावरून जास्त तापलेली इस्त्री फिरवून गेलं असावं. सगळे शेंडे करपलेले आणि खाली अंग हिरवं.

"आलं," मी म्हटलं. काय आलं, ते नवऱ्यानं विचारलं नाही. आमच्या घरात आता ते सगळ्यांना ठाऊक आहे.

लिंबाला रोग पडतो, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती अण्णांच्या तोंडून, फोनवर. अण्णा म्हणजे माझे वडील. मी तेव्हा हसले होते. आगीला ताप आला म्हटल्यावर माणूस हसेल, तशी. आम्ही वाढलो ते लिंबाच्या जिवावर. धान्याच्या कणगीत लिंबाचा पाला, गोवर आलेल्या पोराच्या उशाला लिंबाची डहाळी, गोठ्यात डास झाले की लिंबाचा धूर. आषाढात झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडला की बायका पाट्या घेऊन वेचायच्या. त्या वाळवून, कुटून, रात्रभर भिजवून त्याचा अर्क वांग्यावर, भेंडीवर मारायचा. मावा मरायचा, अळी पळायची. ज्याच्या नुसत्या वासाला कीड उभी राहत नाही असं आम्ही मानत आलो, त्यालाच कीड लागली म्हणजे मग बाकीच्यांनी जायचं कुणाकडे?

आमचा लिंब पलूसजवळच्या आमच्या गावात, चौकात उभा आहे. त्याच्या पूर्वेला आमचं घर, पश्चिमेला अमीनचाचांचं गाद्या भरायचं दुकान. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली, पण त्या खोलीत चाचा कधी बसल्याचं मला आठवत नाही. त्यांचं सगळं काम लिंबाखाली. सतरंजी टाकायची, कापूस पसरायचा, आणि हातभर लांब सुईनं गादीला टाके घालत बसायचं. लिंबाच्या फुलांचा बहर असला की त्या गाद्यांत कापसाबरोबर फुलंही भरली जायची. माझ्या लग्नातली गादी मी पहिल्यांदा उसवली तेव्हा तिच्यातून वाळलेली लिंबाची फुलं निघाली, आणि साताऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मला एकदम माहेरचा चौक दिसला. त्या फुलांना आता काही वास नव्हता, तरी मी ती बराच वेळ हुंगत बसले.

अण्णा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फौजेनं त्यांना सोडून बरीच वर्षं झाली, पण फौजेला त्यांनी सोडलेलं नाही. दर दिवाळीला ते लिंबाच्या बुंध्याला कमरेएवढ्या उंचीपर्यंत चुना लावतात आणि त्यावर गेरूचा एक पट्टा ओढतात. पट्टा सरळ आला पाहिजे म्हणून आधी सुतळी बांधून घेतात. पलटणीत म्हणे अशी रीतच होती, की जे जागेवरून हलत नाही त्याला चुना लावायचा. आई म्हणते, म्हणून मी यांच्या घरात एका जागी फार वेळ बसत नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे गावोगावची झाडं अशी पट्टे मारून सावधान उभी दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, सरकारनं काही योजना काढली आहे.

तर त्या पहिल्या वर्षी, गणपती गेले आणि आमच्या लिंबाचे शेंडे करपले. आधी कुणी मनावर घेतलं नाही. पण बघता बघता तपकिरी रंग वरून खाली उतरायला लागला. नेहमीची पानगळ आमच्या ओळखीची होती. माघात पान पिवळं होतं, वाऱ्यावर येतं, चाचांच्या कापसात पडतं. हे तसं नव्हतं. पान वाळत होतं आणि गळत नव्हतं. डहाळीला तसंच चिकटून खडखड वाजत होतं. लिंबाचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि खरं सांगते, मला त्याची भीती वाटली.

आमच्याकडे प्रत्येक माणूस डॉक्टर आहे, पण द्राक्षाचा. द्राक्षबागेवर जितकी औषधं मारतात, जितके रात्रंदिवस डोळे ठेवतात, तितके कुणी घरच्या म्हाताऱ्यावर ठेवत नसेल. शेजारच्या संभातात्यांची बाग पंचक्रोशीत नावाजलेली. त्यांनी लिंबाचं एक पान तोडलं, उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं की ही डावणीच आहे. डावणी हा द्राक्षाचा रोग. उसाचे शेतकरी मुळाशी हुमणी असणार म्हणाले, कारण उसाला हुमणी लागते. आटपाडीकडचा एक पाहुणा आला होता, त्याचं डाळिंब. तो तेल्या म्हणून मोकळा झाला. ज्याचं जे पीक, त्याच्या डोळ्यांना लिंबात तेच दिसत होतं. लिंबाचं स्वतःचं काही दुखणं असेल, हे कुणाच्या डोक्यात येईना, कारण लिंब हे काही पीक नव्हे. त्याचं वेळापत्रक कुणी छापलेलं नाही.

आणि मग आमच्या गावानं ती गोष्ट केली, जी द्राक्षाच्या मुलखातलंच गाव करू शकतं. एका सकाळी संभातात्या ट्रॅक्टरमागं द्राक्षाचा ब्लोअर जोडून चौकात आले आणि लिंबाला फवारणी केली. मी त्या दिवशी गावात होते. ब्लोअरचा पंखा गरगरला, धुकं उठलं, त्या धुक्यात सकाळच्या उन्हाचं एक इंद्रधनुष्य उभं राहिलं. चाचा कापूस गोळा करून पळाले, आई दारं-खिडक्या लावत सुटली. धुकं वर वर गेलं आणि झाडाच्या निम्म्यात जाऊन थांबलं. द्राक्षाचा मांडव माणसाच्या डोक्याएवढा असतो, ब्लोअर बिचारा तेवढ्याच उंचीचा शिकलेला. तात्यांनी ट्रॅक्टर मागंपुढं केला, नळ्या तिरक्या केल्या, पण वरचा निम्मा लिंब कोरडाच राहिला. मग जाता जाता त्यांनी बुंध्याला निळसर बोर्डोपेस्ट फासली, द्राक्षाच्या खोडाला फासतात तशी, आणि ती नेमकी अण्णांच्या गेरूच्या पट्ट्यावरून गेली. अण्णा त्यांच्याशी पुढं कितीतरी दिवस बोलले नाहीत. झाड मरेल याची काळजी तर होतीच, पण पट्टा वाकडा झाला याचं दुःखही कमी नव्हतं.

कृषी खात्यातल्या एक तरुण बाई त्यानंतर आल्या. त्या रागावल्या नाहीत. तालुकाभर हेच बघत फिरत असाव्यात. त्यांनी सांगितलं, की एक बारीक किडा कोवळ्या शेंड्यातला रस पितो, जखम करतो, आणि पावसाळी हवेत त्या वाटेनं बुरशी आत शिरते. एवढ्या उंच झाडाला फवारा पोचत नाही, तो माणसांवर आणि मधमाश्यांवर पडतो. हाताला येतील तेवढ्या वाळक्या डहाळ्या कोरड्या हवेत कापून जाळा आणि चैत्रापर्यंत थांबा, म्हणाल्या. बहुतेक झाडं फुटतील. सगळी फुटतील असं मात्र लिहून देणार नाही. मग त्यांनी एका फांदीची साल नखानं जराशी खरवडली आणि आम्हाला जवळ बोलावलं. वाळक्या, करड्या सालीखाली ओलं हिरवं होतं. इतकं हिरवं, की मला क्षणभर वाटलं आपण कुणाचं तरी गुपित बघतोय.

किडा त्यांनी दाखवला तोही मी विसरले नाही. एका कोवळ्या डहाळीवर बसला होता. डासाएवढा, लालसर, पाय केसासारखे. जवळ हात नेला तर चटकन पानामागं गेला. मी मान वर करून लिंबाकडं पाहिलं. दोघा माणसांनी हात पसरून मिठी मारली तरी पुरत नाही असा बुंधा, आमच्या घराच्या कौलांवरून पलीकडं गेलेल्या फांद्या, आमच्या आजोबांच्याही आधीपासूनचं ते उभं राहणं. आणि इकडं हा, ज्याचं वजन माझ्या तळहाताला कळणारही नाही. त्याच्याजवळ सुईसारखी सोंड आणि भूक, एवढंच. त्याला काही वैर नव्हतं. तो जेवत होता. मला त्या किड्याचा राग यायला हवा होता, पण वाटला तो दरारा. एवढ्याशा जिवाच्या जेवणानं आख्ख्या तालुक्याचा रंग बदलतो, हे पाहून माणसानं जरा हळू बोलायला शिकावं असं वाटलं.

तालुक्याचा म्हटलं, पण ते खूप कमी झालं. कार्तिकात माझ्या धाकट्या बहिणीकडं, जतला गेलो. जतकडं दुसरं झाड फारसं नाहीच. माळ, ज्वारी, मेंढरं आणि लिंब. घाट संपून सपाटी लागली आणि नवऱ्यानं न सांगता गाडी थांबवली. नजर जाईल तिथवर लिंबच लिंब, आणि एकही हिरवा नाही. बांधावरचे, विहिरीवरचे, देवळापुढचे, टँकर उभा राहतो त्या वळणावरचे, सगळे एकाच रंगाचे. जणू सगळ्यांनी एकमेकांना कळवून एकाच दिवशी अंगावर तो रंग घेतला होता. वारा सुटला की त्या मुलखातून एक कोरडा सरसर आवाज जात होता, क्षितिजापर्यंत. मी गाडीतून उतरले आणि नुसती उभी राहिले. दुःख वाटायला हवं ते वाटत होतंच. पण त्याहून मोठं काहीतरी होतं, ज्याच्यापुढं माझं दुःख फार लहान दिसत होतं. बहिणीचं सासर कानडी बोलतं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, बेवु गेला तर उगादीला काय खायचं? बेवु म्हणजे लिंब, उगादी म्हणजे आपला पाडवा. लिंब आणि गूळ एकत्र खाल्ल्याशिवाय दोन्ही भाषांत वर्ष सुरू होत नाही.

पौषापर्यंत आमचा लिंब उघडा पडला. वाळका पाला एकदाचा गळला, आणि त्याच्यामागून डहाळ्या पडायला लागल्या. एक चांगली मनगटाएवढी फांदी शाळा सुटायच्या वेळी चौकात कोसळली. कुणाला लागलं नाही, पण लागलं असतं. ग्रामसभेत विषय निघाला. लोकांचं चुकत नव्हतं. मेलेलं झाड चौकात ठेवून पोरांच्या डोक्यावर टांगती तलवार कोण ठेवणार? करवतवाला ठरला. तेव्हा अण्णा उठून उभे राहिले. आई सांगते, ते असे उभे राहिले की सरपंचही उठायला लागले होते. अण्णांनी पाडव्यापर्यंतची मुदत मागितली. चौकात दोर बांधतो, खालून कुणाला जाऊ देत नाही, पडायच्या बेताला आलेल्या फांद्या स्वतः उतरवून घेतो. पाडव्याच्या सांजेपर्यंत एक पान दिसलं तर झाडाला कुणी हात लावायचा नाही.

"आन् न्हाई दिसलं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर पयली कुऱ्हाड माजी," अण्णा म्हणाले.

अण्णांचा शब्द काय असतो ते गावाला माहीत आहे, आणि आम्हा घरच्यांना तर जास्तच.  पान फुटलं नाही तर ते खरंच कुऱ्हाड उचलणार होते, आणि उचलल्यावर त्यांचं काय होणार होतं याचा विचार मला करवत नव्हता. मुदत मागितली होती झाडासाठी, पण ती पडली होती त्यांच्याच गळ्यात.

त्यानंतर अण्णांचा एक नवा नेम सुरू झाला. उठायचं, चहाच्या आधी लिंबाकडं जायचं, हाताला येणाऱ्या फांदीची साल नखानं खरवडायची आणि घरात येऊन कळवायचं: हिरवं हाय. हजेरी लावल्यासारखं. मी साताऱ्याहून फोन केला की आई म्हणायची, हिरवं हाय म्हणत्यात. काही दिवसांनी फांदीवर इतके ओरखडे झाले की आईला राहवेना. "आवं, किड्यानं सोडलं ते तुमी सोलून मारशीला," ती म्हणाली. मग ते दिवसाआड खरवडू लागले. फौजेतून आणलेली एक जुनी दुर्बीण त्यांच्या ट्रंकेत असते. ती काढून ओट्यावरून रोज शेंडे न्याहाळायचे, सीमेवर नजर ठेवावी तसे.

होळी आली. होळीच्या आठवड्यात गावातल्या पोराटोरांच्या नजरा कुठंही वाळकं लाकूड दिसलं की तिकडं वळतात, आणि चौकात तर आख्खा लिंब वाळका उभा. अण्णा काठी घेऊन ओट्यावर बसून राहिले. होळीला आपल्या परसातली जुनी दारं काढून दिली, पण लिंबाची काटकी जाऊ दिली नाही. उतरवलेल्या रोगट फांद्या मात्र त्यांनी आधीच, बाईंनी सांगितलं तशा, गावाबाहेर नेऊन जाळल्या होत्या. त्यांचा नियम नियम होता.

आता ऊन तापायला लागलं होतं, आणि रोजे सुरू झाले होते. अमीनचाचा रोज सकाळी त्याच जागी सतरंजी टाकत, जिथं आयुष्यभर टाकली. फरक इतकाच, की वर सावली नव्हती. उघड्या फांद्यांच्या सावलीच्या रेघा तेवढ्या त्यांच्या पाठीवरून, कापसावरून फिरत राहायच्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि उन्हात बसून गादीला टाके घालतोय. अण्णांनी त्यांना आमच्या ओट्यावर या म्हणून सांगितलं, पत्र्याच्या खोलीत बसा म्हणून सांगितलं, शेवटी जरा आवाज चढवूनही सांगितलं. चाचा नुसते हसले आणि म्हणाले, की इतकी वर्षं त्यानं मला सोबत केली, आता चार दिवस मी करतो. मग दुपारी अण्णा छत्री घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसायला लागले. दोघं म्हातारे एका छत्रीखाली. 

झाडाला चैत्र कसा कळतो, हे मला अजून कळलेलं नाही. त्याला पंचांग नाही. बाईंनी दिवसाची लांबी आणि ऊब असं काहीतरी समजावलं होतं, आणि ते खरंच असणार. पण दिवस लांबतो तो काही दगडालाही लांबतो. सालीखाली, अंधारात, जिथं पालवीचा डोळासुद्धा अजून तयार झालेला नाही, तिथं बसून कुणीतरी उन्हाचा हिशेब ठेवत असतं, या गोष्टीपुढं माझं सगळं शिक्षण गप्प होतं. आपण मुदत देतो. पाडव्यापर्यंत, मार्चअखेरपर्यंत, सोमवारपर्यंत. झाड ती मुदत ऐकतच नाही. त्याचं जे काही चाललेलं असतं ते आपल्या सभेच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

आता या सगळ्याची सवय झाली आहे. दर वर्षी शेंडे करपतात, कधी कमी, कधी जास्त. आता चौकात ब्लोअर येत नाही. थंडीत शिडी लावून वाळक्या डहाळ्या उतरवतात, जाळतात आणि थांबतात. पण त्या पहिल्या वर्षी थांबणं हेही औषध असतं हे कुणाला माहीत होतं? जतहून बहिणीचा फोन आला, की तिकडच्या लिंबांना पालवी दिसायला लागली. औंधाच्या रस्त्यावर मी स्वतः पाहिली. आमचा लिंब मात्र होता तसाच. संभातात्या न बोलता येऊन झाडाभोवती फेरी मारून जायचे. त्यांचं औषध ज्या खालच्या फांद्यांना लागलं होतं, तिथंही काही नव्हतं. पाडव्याला आठवडा उरला तेव्हा अण्णांनी दुर्बीण पुसली, खोळीत घातली आणि ट्रंकेत ठेवून दिली. खरवडणंही थांबवलं. आईनं विचारलं तर म्हणाले, आता सांजच्यालाच बघू. मला वाटतं, त्यांना हिरवं आहे की नाही हे बघायची भीती वाटायला लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुऱ्हाडीला धार लावली, आणि आईनं तो आवाज ऐकून देवघराचं दार लावून घेतलं.

पाडव्याला मी गावी होते. बहिणीनं आदल्या दिवशी जतच्या एसटीतून कंडक्टरकडं पाल्याची पिशवी दिली होती, तो लिंब गुढीला बांधला. आईनं कोवळा पाला, गूळ, भिजवलेली डाळ वाटून वाटीत घातली. सगळ्यांनी खाल्लं. अण्णांनी वाटी बाजूला सारली. दुसऱ्याच्या दारचा लिंब खाऊन मी या झाडाखाली कसा उभा राहू, असं काहीसं पुटपुटले. आईनं ती वाटी झाकून फडताळात ठेवली. दिवसभर गावातली माणसं येऊन मान वर करून बघून जात होती.  करवतवाल्याला दुसऱ्या दिवशीचा निरोप गेल्याचं मला बाहेरूनच कळलं.

त्या साली पाडव्याची सांज हीच ईदचा चांद बघायचीही सांज होती. दर वर्षी चांद बघायला अमीनचाचा अण्णांची दुर्बीण मागून नेतात; ही त्यांची दोघांची फार जुनी रीत. त्याही संध्याकाळी रोजा सोडून ते आमच्या ओट्यापुढं आले. कुऱ्हाड भिंतीला टेकलेली होती, ती त्यांना दिसलीच.  अण्णांनी ट्रंक उघडली, दुर्बीण काढून त्यांच्या हातात दिली. गुढी उतरवून आई कलश घेऊन दारात थांबली होती. पश्चिमेचं आभाळ केशरी झालं होतं आणि त्याच्यापुढं लिंबाच्या उघड्या फांद्या काळ्या दिसत होत्या. दुकानामागच्या घराच्या गच्चीवर चाचांच्या बायका-पोरी होत्या, चौकात माणसं जमली होती, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला.

चाचांनी दुर्बीण लावली. इकडून तिकडं फिरवली, वर नेली, आणि एका जागी थांबवली.  गच्चीवरून कुणीतरी विचारलं, दिसला का?  पुन्हा विचारलं. मग चाचांनी दुर्बीण खाली घेतली आणि अण्णांकडं वळले.

"सुभेदार," ते म्हणाले, "चांद हुडकत हुतो. पाला दिसला."

अण्णा जागचे हलले नाहीत. चाचांनी दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावून दिली, हात धरून दिशा दाखवली. मग दुर्बीण माझ्याकडं आली. अगदी शेंड्याला, जिथं ब्लोअरचं धुकं पोचलंच नव्हतं, तिथं तांबूस पालवीचे दोन-तीन तुरे होते. सकाळच्या उन्हात आमच्या ओट्यावरून ते वाळक्या डहाळीच्याच रंगाचे दिसत असणार. म्हणून कुणाला कळले नव्हते. आता मावळतीचा उजेड त्यांच्या मागून येत होता आणि ती पानं आरपार पेटल्यासारखी लाल दिसत होती.  तो सगळा पावसाळा, तो किडा, ती बुरशी, ती ग्रामसभा, आणि एवढ्या सगळ्यावर एक नखाएवढं पान. दुर्बीण आईकडं गेली, संभातात्यांकडं गेली, चौकभर फिरली. तात्यांनी औषध मुळातून वर चढलं असणार असं म्हणून पाहिलं, पण त्यांचेच डोळे भरले होते. चांदाची आठवण कुणालाच राहिली नाही. तो गच्चीवरच्या चाचांच्या सुनेला नुसत्या डोळ्यांनी दिसला, आणि तिनं हाक मारली तेव्हा आम्ही तिकडं पाहिलं. लिंबाच्या फांद्यांत, त्या पालवीच्या जरा खाली, बारीक कोर.

अण्णा ओट्यावर येऊन बसले. कुऱ्हाड उचलून त्यांनी ती दाराच्या आड ठेवली. मग आईला म्हणाले, "सकाळची वाटी आन."

आईनं वाटी आणली. दिवसभरात पाला काळवंडला होता. अण्णांनी बोटभर उचलून तोंडात घातला आणि सावकाश चावला. शेजारी बसलेल्या चाचांपुढं वाटी धरली, त्यांनीही घेतला.

"लय कडू हाय," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा वाटीत हात घातला.